घासलेले नंबर

चारठाण्याच्या बस थांब्यासमोर लिंबाजीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा लिंबाजीचा रुबाब मोठा होता. रेडिओ आणा, टेप आणा, टीव्ही आणा, हा माणूस आधी गिऱ्हाइकाकडं पाठ फिरवायचा आणि मगच वस्तू उघडायचा. आत काय केलं ते सख्ख्या बायकोलाही दिसू द्यायचं नाही, अशी त्याची रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. लिंबाजीनं ती वीस वर्षं झाकूनच ठेवली होती. बोटं अवघडली का रे बाबा, असं त्याला कुणी विचारलं मात्र नाही.

एक्क्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका सोमवारी कुंडवाडीची कडूबाई गोधडीत बांधलेला टीव्ही डोक्यावर घेऊन दुकानात आली. बाई नावासारखीच होती, आणि त्याचा तिला अभिमानही होता. तिनं टीव्ही टेबलावर ठेवला, लिंबाजीचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसलं.

"दत्तू गेल्याचं कळलं का तुमास्नी?"

लिंबाजीला कळलं होतं. दत्तराव, कडूबाईचा धाकटा भाऊ, महिन्यापूर्वी रानातच छातीत कळ येऊन गेला होता. बेचाळीस वर्षांचा माणूस. लिंबाजी मातीला गेला नव्हता. जाऊ जाऊ म्हणता तिसरा दिवस झाला, मग दहावा, मग तेरावा. आपण का गेलो नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मान खाली घालून टीव्हीची गाठ सोडायला लागला.

"हे वाचा," म्हणत कडूबाईनं पोलक्यातून एक पाकीट काढलं.

मुंबईच्या दूरदर्शन केंद्राचं पत्र होतं, दत्तरावाच्या नावानं. उतारावरच्या रानात दगडी बांध घालून ओल कशी धरली, याबद्दल आपली जी मुलाखत जानेवारीत आपल्या शेतात घेतली, ती येत्या गुरुवारी सायंकाळी साडेसहा वाजता शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दाखवण्यात येईल. आपण व आपल्या कुटुंबीयांनी ती अवश्य पाहावी.

"परवा आलं पत्र," कडूबाई म्हणाली. "माणूस जाऊन महिना झाला, आन् हे म्हणायलेत अवश्य पाहावी. दत्तूचा फोटू म्हणाल तर लग्नातला एक. त्यात बी टोपीनं निम्मं तोंड झाकलंय. मायनं तर अंथरूणच धरलंय त्या दिसापसून. जेवा म्हणलं की भित्तीकडं तोंड करायली. पत्र वाचून दावलं तव्हा एकच बोलली, दत्तू बोलणार हाय का? मी म्हणलं, बोलणार हाय. आता लिंबाजीदादा, मी खोटी पडले न्हाई पायजे."

"अन् संचाला काय झालं?"

"गेल्या हप्त्यात अवकाळी झाली न्हाई का, तव्हा चिंचंवर वीज पडली. तव्हापसून निस्त्या मुंग्या."

दुसरीकडं नेऊन दाखवावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. म्हातारी, म्हणजे दत्तरावाची आई चतुराबाई, खाटेवरून हलत नव्हती. दत्तरावाची बायको बायनाबाई सव्वा महिना पुरा होईपर्यंत उंबरठा ओलांडणार नव्हती. आणि कुंडवाडी हे गाव असं, की चहूकडून टेकड्या आणि मध्ये गाव, जसं काही उखळात पडलेलं. तिथं चांगले चांगले संच नेऊन ठेवले तरी मुंग्यांशिवाय काही दिसायचं नाही. ग्रामपंचायतीचा संच याच कारणानं चार वर्षं कपाटात बंद होता, आणि आता तर त्याचं कपाटही कुणीतरी नेलं होतं. अख्ख्या गावात चित्र पकडणारा संच एकच. तो दत्तरावाचा, आणि त्याला पकडायला शिकवलं होतं लिंबाजीनं.

तीन वर्षांपूर्वी त्यानं तो जुना, बॅटरीवर चालणारा काळा-पांढरा संच दत्तरावाला विकला होता. "आमच्या गावात चित्र आलं तरच पैसे," असं दत्तराव हसत म्हणाला होता. लिंबाजीनं ती गोष्ट मनावर घेतली. हवेतून आलेली लहर टीव्हीत सगळ्यात आधी जिथं धरली जाते, त्या पत्र्याच्या डबीला ट्यूनर म्हणतात. त्या डबीतला पहिला ट्रान्झिस्टर काढून त्यानं एका मोडक्या परदेशी रेडिओतला बसवला, आणि कुंडवाडीत पहिल्यांदा बातम्या देणारी बाई दिसली. दत्तरावानं त्या दिवशी गावाला चहा पाजला होता.

"गुरुवारी दुपारी संच घरी असंल," लिंबाजी म्हणाला. "न्या माझ्याकडून लिहून."

"लिहून काय करायचंय? चालू करून द्या." कडूबाई गेली.

मंगळवारी सकाळी त्यानं पाठ फिरवून, सवयीप्रमाणं, संच उघडला. दोष पाच मिनिटांत सापडला. विजेच्या झटक्यानं डबीतला तोच पहिला ट्रान्झिस्टर मेला होता. हरभऱ्याएवढी वस्तू. नवी बसवायची की झालं. पण कोणती? नंबर बघावा म्हणून त्यानं भिंग लावलं, तर नंबर नव्हता. कुणीतरी ब्लेडनं खरवडून गुळगुळीत केला होता.

"कोण शहाण्याचा कांदा होता हा?" लिंबाजी करवादला. मग त्याला कडेला जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिसला, आणि त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाटली त्याच्याच बायकोची होती.

ही परभणीच्या करीम उस्तादाची शिकवण. उस्ताद हैदराबादेत काम शिकून आलेले, हात सोन्याचा, आणि काळीज गिऱ्हाइकाबाबत लोखंडाचं. "बेटा, हुनर कागजपर आया के बाजार में गया," असं म्हणायचे. सुटा भाग विकत आणला की पहिल्यांदा त्याचा नंबर घासायचा. म्हणजे संच दुसऱ्या मेकॅनिककडं गेला तरी त्यानं डोकं आपटून घ्यावं, आणि गिऱ्हाईक मुकाट परत आपल्याकडं यावं. कंपन्याही तशाच. सर्किटचा कागद मागितला तर आमच्या अधिकृत माणसाकडं जा म्हणायच्या, आणि तो अधिकृत माणूस औरंगाबादेत. मग आम्ही का सांगावं, असा उस्तादांचा हिशेब. आपल्याला ओळखू यावं म्हणून रंगाचे ठिपके द्यायचे, आणि कोणता रंग म्हणजे काय ते फक्त डोक्यात ठेवायचं.

लिंबाजीचं डोकं तसं तल्लख होतं. पण लाल बाटली वाळली तेव्हा त्यानं लाल कामालाही जांभळा लावला, आणि हिरवी हरवली तेव्हा हिरव्यालाही. त्याच्या पत्र्याच्या डब्यात आता चाळीसेक ट्रान्झिस्टर होते. सगळ्यांचे नंबर घासलेले आणि सगळ्यांच्या कपाळी जांभळं. आपल्याच हातानं लावलेलं कुलूप, आणि किल्ली कुठं ठेवली ते आपल्यालाच आठवेना. दुसऱ्याचं कुणाचं असं झालं असतं तर लिंबाजी दिवसभर हसला असता.

त्यानं दुपारपर्यंत सात लावून पाहिले. पायांचा क्रम चुकला की बिचारा जीव सोडायचा. दोन असेच गेले. उरलेल्या पाचांनी चारठाण्यात चित्र दाखवलं, पण ते कुंडवाडीच्या उखळात टिकण्याएवढं जोरकस नव्हतं. आठवा लावायला त्यानं ट्यूनरच्या डबीचं झाकण उलटं करून ठेवलं, तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं बारीक अक्षर दिसलं. बन्सीधर, देवगाव फाटा, वही तिसरी, पान एकशेबारा.

लिंबाजीनं झाकण उजेडाकडं धरलं. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं. करीम उस्तादांच्या दुकानात तो आणि बन्सीधर पाच वर्षं एका ताटात जेवले होते.

संच बन्सीधरकडं कसा गेला तेही त्याला ठाऊक होतं. वर्षापूर्वी तो लेकीच्या बाळंतपणाला दहा दिवस गेला असताना संचाचा आवाज गेला, आणि दत्तरावानं तो देवगाव फाट्याला नेला. परत आल्यावर लिंबाजीला कळलं, आणि भर थांब्यावर तो दत्तरावाला म्हणाला, "ज्याचा हात लागलाय त्याच्याकडंच नेत जा. माझी पायरी चढू नका." दत्तराव नुसता हसला होता. "राग उतरला की सांगा लिंबाजी, चहा प्यायला येतो," एवढंच म्हणाला होता. राग तर केव्हाच उतरला होता. पण सांगायचं राहून गेलं आणि माणूस गेला. मातीला जायला पाय उचलला नाही तो या लाजेपायी.

बुधवारी सकाळच्या एसटीनं तो देवगाव फाट्याला उतरला.

फाट्यावर टायरवाल्याच्या शेजारी बन्सीधरचं पत्र्याचं दुकान होतं. पाठ फिरवणं वगैरे भानगड नाही. टेबल रस्त्याच्या तोंडाला, संच उघडे, येणाराजाणारा वाकून बघतोय. भिंतीला खिळ्यावर जाडजूड वह्या टांगलेल्या. बाकड्यावर मंठ्याचा एक मेकॅनिक बसून त्यातलं एक पान आपल्या कागदावर उतरवून घेत होता. त्याला कुणी हटकत नव्हतं. लिंबाजीला ते बघूनच कसंतरी झालं, परक्या माणसानं चुलीपर्यंत यावं तसं.

"रामराम बन्सीधर."

बन्सीधरनं मान वर केली. केस पांढरे झाले होते. "जयभीम लिंबाजी. बस. चहा घेतोस न्हवं?"

तेरा वर्षांनी भेटणाऱ्या माणसानं एवढंच म्हणावं, याची लिंबाजीनं तयारी केली नव्हती. भांडणाची केली होती. घसा खाकरून त्यानं दत्तरावाचं सगळं सांगितलं. पत्र, म्हातारी, गुरुवार. घासलेल्या नंबराशी आल्यावर मात्र तो अडखळला.

"नंबर कुणी घासला म्हणलास?" बन्सीधरनं विचारलं.

"मीच."

बन्सीधर हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं उठून तिसरी वही काढली आणि पान एकशेबारा उघडून लिंबाजीपुढं ठेवलं. अख्ख्या संचाचं सर्किट होतं, रेघ न् रेघ पट्टीनं मारलेली. ट्यूनरपाशी लाल शाईनं लिहिलं होतं: नंबर घासलेला आहे. पाय मोजून क्रम लावला. हा मिळाला नाही तर खालचा बाजारात मिळतो तो चालेल, फक्त दोन पाय उलटे लावावेत.

"आवाजाचं काम होतं तुझ्याकडं," लिंबाजी म्हणाला. "ट्यूनर कामून उघडला?"

"कुंडवाडीत चित्र येतंय म्हणलं दत्तराव. कसं येतंय बघावं वाटलं. तीन दिवस गेले त्याच्यात. लय डोकं लावलंस तू तिथं. मी न्हाई लावू शकलो असतो."

लिंबाजीला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? कुणाला दिसूच दिलं नव्हतं.

"मग हे असं भित्तीला टांगून ठेवतोस? कुणीबी घेऊन जाईल की."

बन्सीधरनं बशीत चहा ओतला. मग त्यानं सांगितलं. आवाज न चढवता, जणू दुसऱ्याचंच सांगतोय असं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून आग पेटली, तेव्हा तालुक्याच्या गावचं त्याचं पहिलं दुकान एका दुपारी जळालं. गिऱ्हाइकांचे एकवीस संच आत होते.

"सामानाचं काही न्हाई रे. सामान पुन्हा येतं. पण मीबी उस्तादांचाच चेला. सगळं डोक्यात. कुणाचा रेडिओ कोणता, आत काय घातलं होतं, लोक येऊन इचारायचे आन् मला एक सांगता येईना. डोकं ठिकाणावर होतं कुठं? दोन महिने लेकरं घेऊन पाव्हण्याकडं पडलो होतो. तव्हा ठरवलं, लिवायचं. एक प्रत माझ्याकडं, पानाचा नंबर गिऱ्हाइकाच्या संचात, आन् मागंल त्याला उतरवून. एकाकडंची जळाली तर दुसऱ्याकडं ऱ्हाईल."

लिंबाजी त्या दोन महिन्यांत त्याच्याकडं गेला नव्हता. गावात काय म्हणतील, या भीतीनं गेला नव्हता. पुढं वर्षं गेली तशी ती भीती गेली आणि तिच्या जागी लाज येऊन बसली. आणि लाजेनं वागणारा माणूस बाहेरून ताठरच दिसतो. दत्तरावाच्या मातीला न जाणं ही त्याची पहिली खेप नव्हती, हे त्याला त्या बाकड्यावर बसल्या बसल्या कळलं.

"मी यायला पायजे होतं तव्हा," तो म्हणाला.

"पायजे होतं," बन्सीधर म्हणाला. त्यानं ते उडवूनही लावलं नाही आणि वाढवलंही नाही. खोक्यातून बाजारात मिळणारा तो नवा ट्रान्झिस्टर काढून त्यानं कागदाच्या पुडीत बांधला. "पान उतरवून घे. फकस्त एक हाय. तिथं गेल्यावर तुला काही बदलावं लागलं तर ते लिवून मला आणून द्यायचं. माझ्या वहीत चढवीन, तुझ्या नावानं."

लिंबाजीनं पान उतरवायला घेतलं. वीस वर्षांत त्यानं पावतीपलीकडं काही लिहिलं नव्हतं, त्यामुळं पट्टी सारखी घसरत होती. मंठ्याच्या मेकॅनिकनं ती एका बाजूनं दाबून धरली.

गुरुवारी बाराच्या एसटीनं तो आणि संच न्यायला आलेली कडूबाई निघाले. संच कडूबाईच्या डोक्यावर, कारण ती लिंबाजीला हात लावू देईना. बॅटरी मात्र त्याच्या खांद्यावर दिली. रस्ता सोडून टेकडी उतरताना डाव्या हाताला दत्तरावाचं रान लागलं. दगडी बांध पायऱ्यांसारखे खाली उतरत गेलेले, आणि आजूबाजूची सगळी रानं करपलेली असताना तिथं बांधाच्या कडेनं अजून हिरवं होतं.

घरात चतुराबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. बायनाबाई आतल्या दाराशी बसून होती, कपाळ मोकळं. तिनं लिंबाजीला बघितलं आणि पाणी दिलं. "तुमचं नाव काढायचे," एवढंच म्हणाली. लिंबाजी पाणी पिऊन अँटेना बघायला बाहेर गेला.

बांबूवरचा अँटेना विजेनं वाकला होता, तो सरळ करण्यात दोन तास गेले. ट्रान्झिस्टर कागदात सांगितल्याप्रमाणं दोन पाय उलटे लावून बसवला. चित्र आलं, पण धुतल्या कपड्यासारखं पिळवटलेलं. पाच वाजले, साडेपाच झाले. कडूबाई दारात उभी राहून त्याच्या हाताकडं बघत होती, आणि त्याच्या ध्यानात आलं की आज आपण पाठ फिरवायची विसरलो. त्यानं शेजारचा रेझिस्टर काढून थोडा मोठा लावून बघितला, मग आणखी मोठा. सहाला दहा मिनिटं असताना चित्र ताणून बसवल्यासारखं सरळ झालं. त्यानं खिशातला कागद काढून बन्सीधरच्या रेघेखाली लिहिलं: कुंडवाडीत रेझिस्टर दुप्पट लागला. मग तीन अक्षरं लिहून खोडली, आणि पुन्हा लिहिली: लिंबाजी.

सहा वाजता घर भरलं. ओसरीत, अंगणात, खिडकीशी माणसं. नेहमी टीव्ही लागला की गलका व्हायचा, पण आज पोरांनाही कुणी गप्प करावं लागलं नाही. कडूबाईनं आणि बायनाबाईनं म्हातारीला उशाला टेकवून टीव्हीकडं तोंड करून बसवलं. तिचे डोळे उघडे होते, पण ती बघतेय असं वाटत नव्हतं.

साडेसहाला कार्यक्रम लागला. आधी निवेदक बोलला, मग बांध दिसले, आणि मग दत्तराव. धुवट सदरा, डोक्याला नवा रुमाल, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून मागं बांधलेले. बायनाबाईनं पदर तोंडात धरला.

"आमच्याकडील जमीन ही उताराची असल्याकारणाने," दत्तराव पुस्तकात वाचल्यासारखा बोलत होता, "पावसाचे पाणी हे वाहून जात असे." अंगणातलं कुणीतरी हुंदक्यातच हसलं. दत्तू असं कधी बोलत नव्हता. लिंबाजी एका हातानं अँटेनाची वायर धरून उभा होता, आणि चित्र हलू नये म्हणून श्वासही जपून घेत होता.

दत्तराव दोन मिनिटं तसंच पाठ केलेलं बोलला. आणि एकाएकी त्याचं लक्ष उजवीकडं गेलं, हात सुटले, आणि तो पाठ केलेलं सगळं विसरून आपल्या खऱ्या आवाजात ओरडला, "ए माय! वासरू सुटलं बघ, धर त्याला, हरभऱ्यात चाललं!"

मुंबईच्या लोकांनी ते कापलं नव्हतं. गोड वाटलं असेल त्यांना.

"धरते रे मी," खाटेवरून आवाज आला. "तू बोल."

चतुराबाईनं पांघरूण बाजूला सारलं होतं. एक पाय जमिनीवर टेकला, मग दुसरा. महिनाभर ज्या पायांनी भार घेतला नव्हता ते थरथरत होते. कडूबाई पुढं झाली, तसं बायनाबाईनं तिचा हात धरून तिला थांबवलं. माणसं मागं सरून वाट देत गेली. पडद्यावर दत्तराव हसत होता, रुमालानं तोंड पुसत होता, आणि ओल कशी धरते ते आता त्याच्या रोजच्या बोलीत सांगत होता. म्हातारी खाटेचा माचा, मग कणगी, मग भिंत धरत दारापर्यंत पोचली. चौकट धरून तिनं बाहेर बघितलं. वासरू खुंट्याला बांधलेलं होतं. दोन महिन्यांत चांगलं वाढलं होतं.

लिंबाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. वायर सोडली असती तर चित्र गेलं असतं.

"बांधलेलं हाय रे," चतुराबाई दारातूनच, मागं न बघता म्हणाली. "बोल."

पडद्यावर तोवर दुसराच माणूस मिरचीवरच्या रोगाबद्दल बोलत होता.